मार्ग आणि मुक्काम : सलग विमानप्रवासाची नोंद व प्रवासवर्णनाची स्थळकल्पना

१. प्रश्नाची मांडणी

प्रवासवर्णनाचा विचार करताना मराठी समीक्षेने दोन गोष्टी बहुधा न बोलता गृहीत धरल्या आहेत. प्रवासी कोठेतरी पोचतो, ही पहिली. आणि परतल्यावर तो सांगतो, ही दुसरी. ‘माहितीपर’ आणि ‘अनुभवनिष्ठ’ असे जे दोन वर्ग आपण पाडतो, त्यांपैकी एकातही या गृहीतांना धक्का लागत नाही. माहिती द्यायची ती पोचलेल्या स्थळाची आणि अनुभव सांगायचा तोही त्याच स्थळाने मनावर उमटवलेला. वाहन, वाट, प्रतीक्षा, झोपमोड हा मजकूर पहिल्या प्रकरणात आटोपून लेखक मुख्य विषयाकडे वळतो.

२००९ साली अमेरिकेत या दोन्ही गृहीतांना एकाच वेळी छेद देणारे प्रयोग झाले. त्या वर्षीच्या जून महिन्यात मार्क माल्कॉफ या विनोदी कलावंताने एअरट्रॅन कंपनीच्या विमानात तीस दिवस मुक्काम ठोकला. दिवसा उड्डाणे आणि रात्री उभ्या विमानातच झोप, असा त्याचा क्रम होता. महिनाअखेर त्याच्या नावावर १३५ उड्डाणे जमा झाली. विमानप्रवासाची स्वतःची भीती घालवणे हा त्याचा जाहीर हेतू होता आणि रोजच्या चित्रफिती हे त्याचे वृत्तलेखन. त्याच वर्षी जेटब्लू कंपनीने ५९९ डॉलरांत ८ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर असा महिनाभर हवा तितका प्रवास करण्याचा परवाना विकला. काही उत्साही प्रवाशांनी तो महिना जवळजवळ अखंड फिरत काढला आणि फिरता फिरताच त्याची नोंद लोकांसमोर ठेवली.

अशा नोंदीला प्रवासवर्णन म्हणावे काय? सहज सुचणारे उत्तर नकारार्थी आहे आणि त्याचे कारणही ठरलेले आहे. येथे स्थळच नाही, मग वर्णन कशाचे? फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्क ओजे यांनी १९९२ साली मांडलेली ‘अ-स्थळ’ ही संकल्पना या उत्तराच्या पाठीशी उभी करता येते. विमानतळ, महामार्ग, मोठी विक्रीकेंद्रे यांसारख्या जागांत माणसांचे परस्परसंबंध, इतिहास आणि ओळख रुजत नाहीत, असे त्या संकल्पनेचे सूत्र आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे मात्र वेगळे आहे. या नोंदींत खरी उणीव आहे ती अंतराची : अनुभव आणि कथन यांच्यामधील अंतराची, तसेच जाणारा आणि मागे राहणारा यांच्यामधील अंतराची. हे अंतर जेथे आहे तेथे अखंड प्रवासालाही वाङ्मयीन रूप लाभते, असे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

हा विषय पुस्तकांतून सुचला नाही. बेंगळुरूच्या राजाजीनगरात अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहत असताना शेजारच्या एका मराठी घरात भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये केलेल्या काही नोंदी पाहण्यात आल्या. त्या नोंदींकडे लेखाच्या उत्तरार्धात येऊ. येथे इतकेच सांगायचे की, पुढील विवेचन त्या कॅलेंडरातून निघालेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

२. पलीकडे आणि पलीकडून

प्रवासवर्णनांची शीर्षके त्या त्या वाङ्मयातील स्थळकल्पनेची साक्ष देतात. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली प्रसिद्ध झाले. ‘-तून’ आणि ‘-कडे’ या दोन प्रत्ययांमध्ये त्या शीर्षकाने एक दिशा आखून दिली. ज्या स्थळापासून निघायचे आणि ज्याच्याकडे जायचे ती दोन्ही प्रतीकरूप झाली, परंतु दोन्ही टोके पक्की राहिली. गंगाधर गाडगीळांच्या ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) या पुस्तकाने मराठी प्रवासवर्णनाला आत्मनिष्ठ वळण दिले, असे सामान्यतः मानले जाते. त्याही शीर्षकात एक पलीकडचा प्रदेश आहे आणि लेखक त्या दिशेने पाहतो आहे.

कन्नडमध्ये वि. कृ. गोकाक यांचे ‘समुद्रदाचेयिंद’ हे पुस्तक काणेकरांच्या पुस्तकाच्याच वर्षी, म्हणजे १९४० साली आले. सांगली आणि पुण्याच्या महाविद्यालयीन जगाशी गोकाकांचा निकटचा संबंध असल्यामुळे मराठी अभ्यासकाला हे नाव परके नाही. गाडगीळ आणि गोकाक यांची शीर्षके वरवर सारखी वाटतात. दोहोंत समुद्र आहे, दोहोंत पलीकडचा काठ आहे. परंतु ‘आचेयिंद’ म्हणजे ‘पलीकडून’. मराठी शीर्षक पलीकडे जाते, तर कन्नड शीर्षक पलीकडून बोलते. त्याने अलीकडच्या काठावर ऐकणारा कोणीतरी उभा आहे हे धरून घेतले आहे. एका विभक्तिप्रत्ययाने प्रवासवर्णनात श्रोता आणला.

याहून पुढचे पाऊल गोरूर रामस्वामी अय्यंगार यांच्या ‘अमेरिकदल्लि गोरूरु’ या शीर्षकात आहे. या पुस्तकाला १९८० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘अमेरिकेत गोरूर’ या शब्दांचा अर्थ दुहेरी आहे. गोरूर हे लेखकाचे नाव, आणि हासन जिल्ह्यातील हेमावतीकाठचे त्याचे गावही. म्हणजे अमेरिकेत एक लेखक गेला तसे एक गावही गेले. प्रवासी ज्याला मागे ठेवून निघाला तेच स्थळ त्याच्या नावातून त्याच्याबरोबर चालते. प्रवासवर्णनातील स्थळ हे पोचण्याच्या टोकालाच असते, या समजाला हे शीर्षक सहजपणे बाजूला सारते.

याच गोरूर गावात वाढलेल्या कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली बेंगळुरूहून एअर डेक्कन ही स्वस्त दराची विमानसेवा सुरू केली, हा योगायोग आपल्या विषयाला उपकारक आहे. आर. के. लक्ष्मण यांचा ‘सामान्य माणूस’ हे त्या कंपनीचे बोधचिन्ह होते. पुढे २००८ साली ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, परंतु विमानप्रवास हा आयुष्यातील एकुलता एक सोहळा राहिला नाही, तो येण्याजाण्याचा भाग झाला, या बदलात तिचा वाटा मोठा आहे. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस सारे पाहतो आणि बोलत नाही. विमानात बसल्यावरही तो बोलला नाही. दर सोमवारी पहाटे पुण्याहून बेंगळुरूला येणारा आणि शुक्रवारी रात्री परतणारा मराठी माणूस या काळात एक सामाजिक वास्तव झाला, पण मराठी प्रवासवर्णनाने त्याची फारशी दखल घेतली नाही. त्याच्या प्रवासाला सांगण्याजोगे स्थळ नव्हते. पुणे आणि बेंगळुरू यांविषयी वाचकाला नवे काय सांगणार? स्थळनिष्ठ व्याख्येने एका मोठ्या अनुभवक्षेत्राला दारातच अडवले, ते असे.

३. दोन महिने : रस्त्यावरचा आणि हवेतला

महिनाभर ‘अ-स्थळा’त राहून त्याची नोंद करण्याचा प्रयोग माल्कॉफच्या आधी सत्तावीस वर्षे एका थोर लेखकाने केला होता. हुलिओ कोर्तासार आणि त्यांच्या पत्नी कॅरोल डनलॉप हे २३ मे १९८२ रोजी पॅरिसहून मार्सेयला जाणाऱ्या द्रुतगती महामार्गावर आपली फोक्सवॅगन गाडी घेऊन उतरले. साधारणतः दिवसभरात संपणारे हे अंतर. त्यांनी मात्र महिनाभर रस्ता सोडायचा नाही, वाटेतल्या पासष्ट विश्रांतिथांब्यांपैकी रोज दोन गाठायचे आणि दुसऱ्यावर रात्र काढायची, असा नियम केला. २३ जून रोजी ते मार्सेयला पोचले. या महिन्याची वही ‘लोस आउतोनाउतास दे ला कोस्मोपिस्ता’ या नावाने १९८३ साली पुस्तकरूपाने आली. जुन्या समुद्रसफरींच्या रोजनिश्यांचे विडंबन करत तिच्यात तापमान, जेवणाचे पदार्थ, गाडीच्या तोंडाची दिशा यांच्या गंभीर चेहऱ्याने केलेल्या नोंदी आहेत.

कोर्तासार आणि माल्कॉफ यांच्या प्रयोगांत बाह्य साम्य पुष्कळ आहे. दोन्हीकडे महिना हे एकक आहे, दोन्हीकडे स्वतःवर घातलेला नियम आहे, दोन्हीकडे विनोद आहे आणि दोन्हीकडे जेथून लोक घाईने निघून जातात तेथे राहून पाहण्याचा हट्ट आहे. एवढ्यावरून दोन्ही संहिता एका प्रकारच्या ठरत नाहीत. पहिला फरक नियमाच्या स्वरूपात आहे. कोर्तासार यांचा नियम थांबण्याचा आहे आणि त्यात मोजायचे ते थांबे. माल्कॉफच्या प्रयोगात उड्डाणे मोजली जातात. १३५ ही संख्या त्याच्या भीतीवरील विजयाचा पुरावा असल्यामुळे तिला कथानकात मध्यवर्ती स्थान मिळते. परंतु संख्येची अडचण अशी की, एकशे चौतिसावे उड्डाण एकशे तेहतिसाव्याहून वेगळे का, हे ती सांगू शकत नाही.

येथे माल्कॉफवर अन्याय होता कामा नये. त्याच्या प्रयोगात विमान हे वाहन उरत नाही, घर होते. जेथे प्रवासी दीड तास बसून उतरतो तेथे राहणाऱ्याला कर्मचाऱ्यांचे चेहरे, त्यांच्या पाळ्या, उड्डाणांमधील सफाईची लगबग हे सारे परिचयाचे होते. म्हणजे ओजे यांचे ‘अ-स्थळ’ वस्तीने स्थळ बनू शकते, ही गोष्ट हा प्रयोग सिद्ध करतो. तेव्हा ‘स्थळ नाही म्हणून वर्णन नाही’ हा आक्षेप टिकत नाही.

मग उणे काय आहे? दुसरा आणि निर्णायक फरक काळाचा आहे. कोर्तासार-डनलॉप यांचा प्रवास जूनमध्ये संपला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये कॅरोल डनलॉप यांचे निधन झाले. पुस्तक एकट्या कोर्तासार यांना पूर्ण करावे लागले. जो मजकूर दोघांनी हसत लिहिला होता, तोच एकाने नंतर वाचून लावला. त्यामुळे तापमानाची आणि जेवणाची प्रत्येक नोंद आपले मूळचे विडंबनरूप न सोडता शोकाचीही होते. शब्द बदलले नाहीत, वाचणाऱ्याचे ठिकाण बदलले. माल्कॉफच्या आणि परवानाधारक प्रवाशांच्या नोंदींना हे दुसरे ठिकाण मिळाले नाही. घडणे आणि सांगणे यांमध्ये तेथे एका रात्रीहून अधिक अवधी नाही, आणि उद्याचे उड्डाण आजच्या नोंदीला मागे ढकलण्यासाठी तयारच आहे.

४. अटन आणि स्थान

अखंड प्रवास आणि त्याची काटेकोर नोंद हा प्रकार मराठीला नवा नाही. मराठी गद्याचा आरंभच त्यातून झाला आहे. महानुभावांच्या आचारधर्मात नित्य अटनाला केंद्रीय महत्त्व आहे. एका जागी रमू नये, परिचयाच्या मुलखात राहू नये, झाडातळी असावे, असा तो आचार. श्रीचक्रधरांचे स्वतःचे जीवन म्हणजे या अटनाचा वस्तुपाठ. परंतु म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपूर येथे सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ उघडले की दिसते ते मुक्कामांचे तपशील. कोणत्या गावी अवस्थान झाले, किती काळ झाले, कोणत्या मठात वा देवळात झाले, तेथे कोण आले, काय विचारले. पुढे ‘स्थानपोथी’ या ग्रंथाने हा धागा टोकाला नेला. स्वामी जेथे बसले, जेवले, निजले त्या जागा, देवळांची तोंडे कोणत्या दिशेला, दार कोठे, वाट कोठून, याची ती जंत्री आहे. यादवकालीन महाराष्ट्राच्या भूगोलाचे साधन म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाहतात. वाङ्मयीन दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. ज्याने कोठेच राहू नये असे सांगितले, त्याच्या राहण्याच्या प्रत्येक जागेला अनुयायांनी जपले.

या विसंगतीचा उलगडा नोंद कोणी आणि कधी केली, या प्रश्नात आहे. लीळा घडत असताना त्या लिहिल्या गेल्या नाहीत. चक्रधर गेल्यावर, विरहाच्या काळात, नागदेवाचार्यांच्या साक्षीने म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या. ज्यांनी पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून गोळा केल्या. आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा भिन्न पाठही नोंदवले गेले. म्हणजे चालणाऱ्याने लिहिले नाही, मागे राहिलेल्यांनी लिहिले. आणि लिहिण्यासाठी त्यांना स्वतःला पुन्हा चालावे लागले. अटन आणि स्थान यांमधील हा संबंध एकदा लक्षात घेतला की स्थळ हे प्रवासात आयते मिळत नाही, ते स्मरणातून घडते, असे म्हणावे लागते.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’विषयीही हेच म्हणता येईल. १८५७ च्या धामधुमीतून वरसईला परतलेल्या या भिक्षुकाने आपला वृत्तांत सुमारे पाव शतकानंतर लिहिला आणि तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. दक्षिणेसाठी निघालेला माणूस इतिहासाच्या मध्यभागी सापडला, ही त्या ग्रंथाची कथावस्तू. पण ती सांगण्याची त्याची संथ, हिशेबी, घराकडे डोळा असलेली रीत या मधल्या वर्षांनी घडवली आहे.

चक्रधरांनी अनुयायांना कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, असे बजावले होते. तेथे विषयांची रेलचेल असल्याने साधकाचे मन गुंतेल, ही त्यामागील चिंता. राजाजीनगरात बसून हे आठवताना हसू येते. परंतु त्या आज्ञेतही एक वाङ्मयीन सत्य आहे. प्रवाशाला धोका असतो तो गुंतण्याचा, आणि ज्याच्या प्रवासात गुंतण्याची शक्यताच उरलेली नाही त्याच्या प्रवासाला कथा नसते. हवा तितका प्रवास करण्याच्या परवान्याने ही शक्यता व्यवहारतः संपवली. उतरलेल्या प्रत्येक गावातून पुढचे विमान विनामूल्य होते.

५. मागे राहिलेल्यांची वही

वरील निष्कर्ष विमानयुगालाही लागू पडतो काय, हे पाहण्यासाठी एक समकालीन संहिता घेऊ. अमेरिकन एअरलाइन्सने १९८० च्या दशकात आयुष्यभर अमर्याद प्रवासाचे परवाने विकले. स्टीव्हन रॉथस्टीन यांनी १९८७ साली अडीच लाख डॉलरांना असा परवाना घेतला आणि दहा हजारांहून अधिक उड्डाणे केली. २००८ साली कंपनीने परवाना रद्द केला. या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी लिहिला नाही. २०१९ साली त्यांची कन्या कॅरोलाइन रॉथस्टीन हिने एका दीर्घ लेखात तो सांगितला. उड्डाणांची संख्या तेथेही आहे, पण लेखाचे केंद्र २००२ साली अपघातात गेलेल्या धाकट्या भावाच्या आठवणीत आहे. वडील का उडत होते, रात्री तिकिटांसाठी दूरध्वनी करून अनोळखी माणसांशी का बोलत होते, याचा शोध घरी वाट पाहिलेल्या मुलीला घ्यावासा वाटला. दहा हजार उड्डाणांना अर्थ आला तो न उडालेल्या व्यक्तीच्या लेखणीतून, आणि तोही परवाना संपल्यानंतर अकरा वर्षांनी.

आता राजाजीनगरातील त्या कॅलेंडराकडे वळू. शेजारच्या वृद्ध काकू मूळच्या बेळगावच्या. मुलगा यंत्रांच्या देखभालीच्या कामासाठी देशभर फिरतो. एका महिन्यात तर तो घरी दोनच रात्री होता. काकूंच्या ‘कालनिर्णय’मध्ये त्या महिन्याच्या चौकटींत, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरांत शहरांची नावे आणि वेळा आहेत : नागपूर ७.४०, दिल्ली ११.१५, रायपूर ९.०५. प्रस्तुत लेखकाला प्रथम ती सुटण्याची वेळापत्रके वाटली. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “निघाला ते लिहून काय करू? उतरला असा त्याचा फोन आला की लिहिते.”

हे साधे वाक्य आपल्या विषयावरील एक भाष्य आहे. काकूंची नोंदही संख्यांचीच आहे. तिच्यात वर्णन नाही, भावना नाही, स्थळांची माहिती नाही. माल्कॉफच्या १३५ उड्डाणांहून ती अधिक कोरडी आहे. तरीही प्रत्येक आकड्याच्या मागे एक प्रतीक्षा संपलेली आहे. विमानात बसलेल्याला नागपूर आणि रायपूर सारखेच वाटले असतील, तसे त्याने सांगितलेही. राजाजीनगरातील स्वयंपाकघरात मात्र ती दोन वेगळी स्थळे होती, कारण त्या दोन संध्याकाळी वेगळ्या होत्या. एका चौकटीत वेळेऐवजी नुसती आडवी रेघ आहे. त्या रात्री फोन आला नाही, तो सकाळी आला. उशीर धुक्यामुळे झाला होता. ही रेघ त्या पानावरील सर्वांत बोलकी नोंद आहे.

गोकाकांच्या शीर्षकातील ‘पलीकडून’ हा शब्द येथे पुन्हा आठवतो. पलीकडून बोलणाऱ्याला अलीकडे ऐकणारा लागतो. जाता जाताच अनेकांपुढे ठेवलेल्या नोंदींना प्रेक्षक भरपूर होते. प्रवासी उतरला की नाही याने ज्याची रात्र बदलते असा ऐकणारा मात्र त्या संहितांमध्ये कोठे जाणवत नाही.

६. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, प्रवासवर्णनाची स्थळनिष्ठ व्याख्या अपुरी आहे. ती स्वीकारली तर आजच्या मराठी माणसाच्या हालचालींचा मोठा भाग वाङ्मयाबाहेर राहतो. दुसरी, ‘अ-स्थळ’ ही संकल्पना जागांचे वर्णन म्हणून उपयुक्त असली तरी संहितांचे मूल्यमापन करण्यास पुरेशी नाही. महामार्गावरील थांबा, विमानातील आसन, भिंतीवरील चौकट यांपैकी कोणतीही जागा नोंदीतून स्थळ होऊ शकते. तिसरी, ही प्रक्रिया घडण्यासाठी अंतर लागते. ‘लीळाचरित्रा’त ते विरहाने दिले, कोर्तासार यांच्या पुस्तकात मृत्यूने, रॉथस्टीन यांच्या लेखात वर्षांनी आणि काकूंच्या कॅलेंडरात फोनची वाट पाहण्याच्या तासांनी.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. विलंबालाच वाङ्मयीनतेची अट केले तर तात्काळ लेखनाचा सगळा प्रदेशच आपण नाकारत नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे. रोजनिशी, पत्र, बातमीपत्र हे तात्काळ लेखनाचेच प्रकार असून त्यांत श्रेष्ठ साहित्य निर्माण झाले आहे. परंतु पत्राला पोचण्याचा काळ असतो, आणि रोजनिशी लिहिणारा आपल्याच उद्याच्या वाचनासाठी लिहीत असतो. दोहोंत अंतर आहे, फक्त ते लेखनाच्या अलीकडे नसून पलीकडे आहे. २००९ सालच्या नोंदींनाही असा उत्तरकाळ मिळू शकतो. त्यांतील एअरट्रॅन कंपनी २०११ साली दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि २०१४ साली तिचे शेवटचे उड्डाण झाले. त्या चित्रफितींतील विमाने, गणवेश आणि कर्मचाऱ्यांची ती घडी आज अस्तित्वात नाही. कदाचित त्यांचे खरे वाचन आता सुरू होईल.

मराठी अभ्यासकांपुढे मात्र अधिक निकडीचे काम आहे. गेल्या दोन दशकांत बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, मुंबई यांमध्ये सतत ये-जा करणाऱ्या मराठी कुटुंबांनी ठेवलेल्या अशा घरगुती नोंदी कोणी जमवलेल्या नाहीत. कॅलेंडर वर्ष सरल्यावर रद्दीत जाते. काकूंनीही ते पान मागितल्यावर दिले नाही. त्यामागे दुधाचा हिशेब होता. त्यांच्या परवानगीने त्याची प्रत तेवढी उतरवून घेतली.